पडद्यावर आकडा आला, पण सांगितला कोणी?



आमच्या वडिलांच्या पेढीवर रोजमेळाची जी वही असे, तिच्या प्रत्येक पानावर रकमेच्या शेजारी एक अरुंद रकाना आखलेला असे. त्यावर ‘खा. पा.’ असे लिहिलेले असे, म्हणजे खाते पान. सुताचे पैसे दिले, रंगाईचे बिल चुकते केले, दलाली दिली, तर प्रत्येक रकमेपुढे ती खातेवहीत कोणत्या पानावर गेली याचा नंबर पडत असे. ज्या रकमेपुढे हा रकाना कोरा राही, ती रक्कम वडील बेरजेत धरू देत नसत. मुनीमजी कितीही शपथेवर सांगोत, वडिलांचा एकच प्रश्न असे, “ही रक्कम आली कुठून?”

आज वह्या गेल्या आणि संगणक आले. सकाळी दुकान उघडले की पडद्यावर विक्री, येणे, देणे, जीएसटीचे जमा क्रेडिट आणि बँकेतील शिल्लक असे सर्व आकडे एका ठिकाणी मांडलेले दिसतात. यालाच डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीत चालकासमोर जे काट्यांचे फलक असते, त्यावरून हे नाव आले आहे. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु या सोयीत तो अरुंद रकाना मात्र पुष्कळदा हरवून बसला आहे. आकडा दिसतो, पण तो कोणी सांगितला हे दिसत नाही. आमच्या मते आजच्या व्यापाऱ्याचे जे नुकसान होते, त्यातील बरेचसे याच एका गोष्टीतून होते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आकडे तीन प्रकारचे

पडद्यावरील सर्व आकडे एकाच अक्षरात व एकाच रंगात छापलेले असतात. त्यामुळे ते सर्व सारखेच खरे वाटतात. प्रत्यक्षात ते तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले असतात.

पहिला प्रकार म्हणजे आपण स्वतः सांगितलेला आकडा. आपण बिल फाडले, त्याची नोंद केली, तीच पडद्यावर परत आली. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याने आपल्याविषयी सांगितलेला आकडा. सूत विकणाऱ्याने आपल्या नावावर दाखवलेले बिल किंवा बँकेने कळवलेले व्याज ही याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार म्हणजे यंत्राने स्वतः काढलेला आकडा. यात बेरीज आणि व्याजाची आकारणी येते. हल्ली तर मोबाईलने बिलाचा फोटो काढताच त्यातील रक्कम वाचून आपोआप नोंद करणारे प्रोग्रामही आले आहेत. ही शेवटची रक्कम खरे पाहता यंत्राचा अंदाज असतो. पुसट कार्बनच्या बिलावरील १ चा ७ आणि ३ चा ८ होण्यास वेळ लागत नाही.

या तीन प्रकारांची तपासणी तीन रीतींनी करावी लागते. आपला आकडा आपल्या बिलबुकाशी ताडून पाहावा. दुसऱ्याचा आकडा त्या माणसाशी व आपल्या आवक नोंदीशी ताडावा. यंत्राचा आकडा मूळ कागदाशी ताडावा. परंतु आकडा कोणत्या प्रकारचा आहे हेच कळले नाही, तर तपासणार कशाशी?

सनद पाहण्याची आपली जुनी शिस्त

आपल्या समाजाला ही गोष्ट नवीन वाटू नये. हदीसच्या विद्वानांनी केवळ काय सांगितले एवढेच पाहिले नाही. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो रावी प्रामाणिक होता काय, त्याची स्मरणशक्ती चांगली होती काय, ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो त्याची व त्याची भेट शक्य होती काय, या सर्वांची त्यांनी छाननी केली. त्यासाठी रावींच्या चरित्रांचे ‘अस्माउर्रिजाल’ हे स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले. पवित्र कुरआनमध्ये सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत तर उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे व साक्षीदार ठेवावेत, असे व्यापाऱ्यांसाठी स्पष्ट मार्गदर्शन आहे. लिहिणारा कोण आणि साक्षीदार कोण, हे ठाऊक असल्याखेरीज लेखाला वजन येत नाही, हा त्यातील बोध आहे. संगणकाच्या पडद्यालाही हीच कसोटी लावावयाची आहे.

जीएसटीच्या पडद्यावर सनद कुठे असते?

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. आपण खरेदीवर जो कर देतो त्याचे क्रेडिट विक्रीच्या करातून वजा करून मिळते, हे सर्वांस ठाऊक आहे. हे क्रेडिट किती मिळेल ते सांगणारे जीएसटीआर-२बी नावाचे पत्रक २०२० सालापासून पोर्टलवर आपोआप तयार होऊ लागले. महिना संपल्यावर पुढील महिन्याच्या १४ तारखेस ते तयार होते. १ जानेवारी २०२२ पासून कायदा असा झाला की जे बिल विक्रेत्याने आपल्या विवरणात दाखवले व या पत्रकात आले, त्याचेच क्रेडिट घेता येते. त्यापूर्वी न आलेल्या बिलांसाठी प्रथम २० टक्के, मग १० टक्के व मग ५ टक्के अशी जी थोडी सवलत होती, तीही संपली.

मग जीएसटीआर-३बी या मासिक विवरणात विक्रीचे आकडे आपल्याच जीएसटीआर-१ मधून व क्रेडिटचे आकडे २बी मधून आपोआप भरून येऊ लागले. येथेच पुष्कळ बंधू फसतात. ३बी उघडले की एकच गोळा रक्कम दिसते, म्हणून ती ‘सरकारने काढलेली’ रक्कम असे ते समजतात. वास्तविक सरकारने काहीच सांगितलेले नसते. विक्रीची रक्कम ही आपलीच कबुली आहे आणि क्रेडिटची रक्कम ही आपल्या विक्रेत्यांनी दिलेली साक्ष आहे. पोर्टल फक्त निरोप्या आहे.

आनंदाची गोष्ट अशी की या निरोप्याने सनद लपवलेली नाही. २बी चे पत्रक एक्सेलमध्ये उतरवून घ्यावे. त्यात प्रत्येक बिलापुढे विक्रेत्याचा जीएसटी नंबर, त्याचे नाव, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम व कर हे तर असतेच. त्याशिवाय विक्रेत्याने ते कोणत्या महिन्याच्या विवरणात दाखवले व ते विवरण कोणत्या तारखेस भरले, हेही दिलेले असते. क्रेडिट मिळणार नसेल तर त्याचे कारण असते. शेवटी ‘सोर्स’ म्हणजे उगम असा रकाना असतो. बिल ई-इन्व्हॉइस पद्धतीने आले असेल तर तसे तेथे लिहिलेले असते व पुढे त्याचा ६४ अक्षरांचा नोंद क्रमांक आणि तारीख असते. ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, त्यामुळे मोठ्या गिरण्यांच्या व सूत व्यापाऱ्यांच्या बिलांपुढे हा क्रमांक दिसेल. लहान विक्रेत्याच्या बिलापुढे हा रकाना रिकामा दिसेल. त्याचा अर्थ बिल खोटे असा नव्हे. ते विक्रेत्याने विवरणात स्वतः भरले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा रकाना म्हणजे आमच्या वडिलांचा ‘खा. पा.’ होय. फक्त तो पहिल्या पडद्यावर नसून दोन पायऱ्या आत आहे. त्या दोन पायऱ्या न उतरल्याने काय होते, ते आमच्याच पेढीवर घडले.

आमच्याकडून झालेली चूक

२०२३ सालची गोष्ट. एका महिन्यात २बी मध्ये आमच्या खरेदी नोंदीपेक्षा २१,००० रुपये क्रेडिट जास्त दिसत होते. हिशोब पाहणाऱ्या मुलाने ते आमच्या कानावर घातले. तो म्हणाला, “शेठ, पोर्टलवरच आलेले आहे, मग आपण कशाला सोडायचे? एखादे बिल आपल्याकडून नोंदवायचे राहिले असेल.” सिझनची गडबड होती. आम्ही मान हलवली आणि रक्कम घेऊन टाकली.

नोटीस आली नाही. कशी येणार? ३बी मधील आकडा २बी पेक्षा जास्त असेल तर पोर्टल विचारणा करते. आमचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते. आठ महिन्यांनी आमच्याच शहरातील एका लूम मालकाचा फोन आला. ते म्हणाले, “भाईजान, माझे ४ लाख २० हजारांच्या सुताचे बिल कुठे दिसतच नाही. सूतवाला म्हणतो की मी भरले आहे. शोधता शोधता तुमच्या फर्मचे नाव निघाले.” ४ लाख २० हजारांवर ५ टक्के म्हणजे बरोबर २१,००० रुपये.

झाले असे होते की त्यांच्या आणि आमच्या फर्मच्या नावात एकाच शब्दाचा फरक आहे. विक्रेत्याच्या मुनीमाने बिल करताना यादीतून त्यांच्याऐवजी आमचे नाव निवडले. जीएसटीच्या १५ अक्षरी नंबरात शेवटचे अक्षर तपासणीचे असते, त्यामुळे एखादे अक्षर चुकीचे टाइप झाले तर बहुधा पकडले जाते. पण यादीतून दुसऱ्याच माणसाचा पूर्ण नंबर निवडला तर यंत्राच्या दृष्टीने तो बिनचूकच असतो.

विक्रेत्याने पुढील विवरणात दुरुस्ती केली आणि त्या भल्या गृहस्थांना त्यांचे क्रेडिट मिळाले. आम्ही २१,००० रुपये परत केले. घेतलेले चुकीचे क्रेडिट वापरलेही असेल तर सालीना १८ टक्के व्याज लागते, त्याप्रमाणे आठ महिन्यांचे २,५२० रुपये भरले. व्याजाचे दुःख आम्हाला झाले नाही. दुःख याचे झाले की आठ महिने एका लहान कारखानदाराचा हक्क आमच्या खात्यात पडून होता, त्यांना ती रक्कम कारागिरांच्या पगारातून उभी करावी लागली, आणि आम्ही मात्र हिशोब जुळला म्हणून निश्चिंत होतो. पत्रकातील ती एक ओळ वाचली असती तर विक्रेत्याचे नाव व बिल नंबर त्याच दिवशी समोर होते.

आता गप्प बसणे म्हणजे कबुली

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, थोडक्यात आयएमएस, ही नवी सोय सुरू झाली. विक्रेत्याने आपल्या नावावर दाखवलेले प्रत्येक बिल तेथे स्वतंत्रपणे दिसते. त्यापुढे आपण तीनपैकी एक निर्णय देऊ शकतो : मान्य, अमान्य किंवा प्रलंबित. आमच्या वेळी ही सोय असती तर ते परके बिल आम्हाला त्याच महिन्यात अमान्य करता आले असते.

परंतु यातील एक कलम नीट समजून घ्यावे. आपण काहीच निर्णय दिला नाही, तर बिल मान्य धरले जाते. म्हणजे पूर्वी न पाहणे हा आळस होता, आता ती कबुली झाली आहे. १४ तारखेस २बी तयार झाल्यानंतरही ३बी भरण्यापूर्वी निर्णय बदलता येतो, मात्र मग २बी पुन्हा मोजून घ्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही आहे. अमान्य करण्याची घाई करू नये. विशेषतः डागी ताके, कमी मीटर किंवा दरातील फरक यांसाठी विक्रेता जी क्रेडिट नोट देतो, ती आपण अमान्य केली तर त्याच्यावर कराचा बोजा वाढतो. आधी फोन करावा, कागद मागवावा, मगच बटण दाबावे. ज्याने सांगितले त्यालाच विचारणे, ही सर्वात स्वस्त तपासणी आहे.

आयकराचे वार्षिक माहिती पत्रक

आयकर खात्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस म्हणजे वार्षिक माहिती पत्रक सुरू केले. बँकेचे व्याज, लाभांश, मालमत्तेची खरेदी-विक्री, कापलेला टीडीएस, जीएसटीमधील उलाढाल अशी आपल्याविषयीची माहिती त्यात एकत्र येते. या पत्रकाची रचना आम्हाला विशेष पसंत पडली. प्रत्येक रकमेपुढे माहिती देणारा कोण, हे नावानिशी लिहिलेले असते. ती माहिती चुकीची असेल तर बरोबर नाही, ही माझी नाही, दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, असे उत्तर तेथेच नोंदवता येते. माहिती देणाऱ्याने सांगितलेली रक्कम आणि आपल्या उत्तरानंतरची रक्कम अशा दोन्ही दिसतात. मे २०२४ पासून आपल्या हरकतीवर मूळ माहिती देणाऱ्याने काय उत्तर दिले, हेही दाखवण्याची सोय झाली. माहितीचा उगम दाखवणे म्हणजे काय, याचा हा चांगला नमुना आहे. सांगणाऱ्याचे नाव, हरकत घेण्याची जागा आणि हरकतीचे काय झाले याचा जबाब, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

उगम दाखवला नाही तर काय घडते?

कोणी म्हणेल की एवढी बारकाई कशाला, यंत्र काय खोटे बोलते? याचे उत्तर ब्रिटनच्या टपाल खात्यात घडलेल्या प्रकरणात आहे. तेथे १९९९ पासून शाखांच्या हिशोबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. अनेक शाखांमध्ये संध्याकाळी पडद्यावर तूट दिसू लागली. तूट कशातून आली हे शोधण्याचे पुरेसे साधन शाखा चालवणाऱ्या सब-पोस्टमास्तरांजवळ नव्हते. आकडा समोर होता, त्यामागचा रस्ता बंद होता. पुष्कळांनी घर गहाण टाकून ती तूट खिशातून भरली. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक लोकांना चोरी, खोटे हिशोब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आले आणि काहींना तुरुंगवास झाला. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांतील दुकानदारही होते. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोषांमुळे अशी तूट दिसू शकते असा निर्णय दिला, आणि २०२४ साली ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शेकडो लोकांच्या शिक्षा रद्द केल्या. तोपर्यंत कित्येकांचे आयुष्य सरून गेले होते.

यंत्र खोटे बोलत नाही, पण चुकते. चूक सापडण्याचा मार्ग एकच. आकड्यापासून मागे चालत मूळ व्यवहारापर्यंत जाता आले पाहिजे. जेथे तो मार्ग बंद असतो, तेथे प्रामाणिक माणूसही स्वतःला निर्दोष सिद्ध करू शकत नाही.

आपल्या दुकानातील प्रोग्राम घेताना

आपल्या पेढीवरील हिशोबाच्या प्रोग्रामलाही हीच कसोटी लावावी. टॅलीसारख्या प्रोग्राममध्ये ताळेबंदातील रकमेवर एंटर दाबत गेले की खाते, मग महिना, मग थेट मूळ व्हाउचर उघडते. बाजारात रोज नवे देखणे डॅशबोर्ड येत आहेत. विकणारा रंगीत चक्रे दाखवतो. त्याला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१) कोणत्याही रकमेवर बोट ठेवले तर ती ज्या बिलांची बनली आहे ती बिले उघडतात काय?

२) हा आकडा केव्हाचा आहे? बँकेची शिल्लक आत्ताची की काल रात्रीची, हे शेजारी लिहिलेले आहे काय?

३) आपण भरलेली, बाहेरून आलेली आणि यंत्राने वाचलेली नोंद वेगळी ओळखू येते काय? फोटोवरून वाचलेल्या रकमेशेजारी तो फोटो दिसतो काय?

४) नोंद कोणी बदलली, केव्हा बदलली आणि आधी काय होती, हे राहते काय? १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशी बदलनोंद ठेवणारा व ती बंद न करता येणारा प्रोग्रामच वापरणे बंधनकारक झाले. आपली मालकी किंवा भागीदारी फर्म असेल तर हा नियम आपल्याला लागू नाही, पण जी शिस्त चांगली आहे ती कायद्याची वाट न पाहता पाळावी.

५) चूक आढळली तर ‘हे बरोबर नाही’ असे तेथेच नोंदवता येते काय?

या प्रश्नांची उत्तरे नाहीत अशी आली, तर तो डॅशबोर्ड शोभेची वस्तू आहे. भिंतीवर लावावा, हिशोब त्यावर करू नये.

महिन्यातून एक तास

शेवटी एक सोपी रीत सांगतो. दर महिन्याच्या १४ ते २० तारखेच्या दरम्यान एक तास राखून ठेवावा. खरेदीची नोंद आणि २बी शेजारी शेजारी ठेवावी. आपल्या नोंदीत आहे पण पत्रकात नाही, त्या बिलांसाठी विक्रेत्यास फोन करावा. पत्रकात आहे पण आपल्या नोंदीत नाही, त्या प्रत्येक बिलाचा नंबर वाचावा आणि मालाची आवक पाहावी. रक्कम लहान म्हणून सोडू नये. या दुसऱ्या यादीकडे बहुतेक लोक पाहत नाहीत, कारण त्यात आपला फायदा दिसतो. पण दुसऱ्याचा हक्क आपल्याकडे येऊन पडलेला असतो, तो याच यादीत.

आमच्याकडे हे काम आता आम्ही स्वतः बसून करतो. मुलगा पडद्यावरचा आकडा वाचतो आणि आम्ही वडिलांचा तोच प्रश्न विचारतो, “ही रक्कम आली कुठून?” सुरुवातीस त्याला कंटाळा येई. आता आम्ही विचारण्यापूर्वीच तो विक्रेत्याचे नाव आणि बिल नंबर सांगतो. उद्या अल्लाहसमोर प्रत्येक पैशाचा हिशोब द्यावयाचा आहे. तेथे ‘पडद्यावर असेच आले होते’ हे उत्तर चालणार नाही.